नागोरावच्या हॉटेलातली हवा

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाच्या काचेवर लावला आणि उजव्या फुप्फुसाच्या वरच्या बाजूला पेनचं टोक टेकवलं. तिथं लिंबाएवढा पांढरा डाग होता.

"किती वर्षं ओढता?" त्यांनी बाबांना विचारलं.

"काय जी?"

"बिडी. सिगारेट."

"हातात नाही धरली कधी."

डॉक्टरांना ते खरं वाटलं नाही. त्यांनी बाबांना सोडून माझ्याकडं पाहिलं. "घरात कोणी ओढतं?"

"कोणीच नाही," बाबाच म्हणाले. "आमच्या घरात ते चालत नाही."

मी बाजूच्या स्टुलावर बसलो होतो. माझ्या पँटच्या खिशात काडेपेटी होती आणि अर्धं झालेलं सिगारेटचं पाकीट होतं. मी खिशावर हात दाबून धरला.

"मग काम काय करता?"

"हॉटेल हाय जी, पांढरकवड्याले. कापूस बाजाराच्या समोर."

"तिथं लोक ओढतात?"

बाबांना हसू आलं, हसता हसता खोकला आला आणि तो बराच वेळ थांबला नाही. थांबल्यावर ते म्हणाले, "तिथं कोण नाही ओढत, ते विचारा."

डॉक्टर हसले नाहीत. थुंकी आधी तपासली होती, त्यात काही निघालं नव्हतं. दोन महिने औषधं घेऊन खोकला हलला नव्हता आणि बाबांचं वजन उतरत होतं. पाठीतून सुई घालून आतला तुकडा काढायचा आणि नागपूरला पाठवायचा असं डॉक्टरांनी ठरवलं. ते त्याच दिवशी झालं. उत्तर यायला बारा दिवस लागणार होते.

यवतमाळहून परतताना एसटीत बाबा खिडकीशी बसले होते. जोडमोहा मागं पडलं. मग एकदम म्हणाले, "त्यानं नाव नाही घेतलं, पाह्यलं ना?"

"कायचं?"

"रोगाचं. डॉक्टर नाव नाही घेत म्हणजे तोच."

मी म्हटलं, रिपोर्ट आल्याशिवाय कसं सांगतील. पण दोन वर्षं मी हॉटेलच्या मागं, लाकडांच्या ढिगाआड सिगारेटी ओढत होतो. भट्टी तिथंच, सहा पावलांवर. भट्टीपाशी बाबा.

ही दोन हजार आठच्या दिवाळीनंतरची गोष्ट आहे. आमचे आजोबा छप्पन्नला नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले होते, आणि पंचशीलातलं पाचवं, नशा न करण्याचं शील त्यांनी फार कडक धरलं. दारू तर सोडाच, बिडी-तंबाखूही त्यांनी त्यातच मोजली. बाबांनी ते तसंच पुढं चालवलं. जिथं चोवीस तास धूर, तिथं पंचवीस वर्षं उभा राहिलेला हा माणूस सुपारीचं खांडही तोंडात टाकत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेल उघडल्यावर बाबा भट्टीपाशी गेले नाहीत. पुढच्या हॉलात, मधल्या टेबलाशी, गिऱ्हाइकासारखे जाऊन बसले आणि वर पाहत राहिले. छताचे पत्रे भट्टीच्या धुरानं काळे झाले असं आम्ही आजवर समजत होतो. पण भट्टी मागच्या अंगणात, उघड्यावर होती. हॉलातल्या पत्र्यावर काजळी नव्हती, पिवळट, चिकट थर होता. बाबांनी उठून भिंतीवरच्या घड्याळाच्या काचेवर बोट ओढलं. बोट पिवळं झालं. ते बोट त्यांनी मला दाखवलं.

"हे माह्या आत हाय," ते म्हणाले.

मी चहाचे कप मांडायला गेलो.

गांधी जयंतीपासून सरकारनं कायदा लागू केला होता: हॉटेलात, ऑफिसात, दवाखान्यात, जिथं लोक येतात-जातात तिथं कुठंही बिडी-सिगारेट ओढायची नाही. नगरपरिषदेच्या माणसानं आम्हाला पाटी आणून दिली होती आणि बाबांनी ती पिठाच्या डब्यामागं, भिंतीकडं तोंड करून ठेवून दिली होती. गावात कुणीच लावली नव्हती. आता त्यांनी ती काढायला सांगितली. मी स्टुलावर चढून खिळा ठोकला. बाबा खाली उभे राहून भांडी घासणाऱ्या तुळसाबाईला म्हणाले, "बाई, टेबलावरच्या राखेच्या वाट्या उचला."

तुळसाबाई वीस वर्षं आमच्याकडं होती. ती नुसती पाहत राहिली. "मालक, लोकं येतीन काय मंग?"

बाबांनी दारातून रस्त्याकडं दोनदा डोकावून पाहिलं. मला तेव्हा कळलं की त्यांना रोगाची जेवढी भीती वाटत होती, तेवढीच या पाटीचीही वाटत होती.

नऊच्या सुमाराला गाडीवाले यायला लागले. बाजारापुढं कापसाच्या बैलगाड्यांची आणि ट्रॅक्टरांची रांग हायवेपर्यंत गेली होती. आत घ्यायला दोन-दोन, तीन-तीन दिवस लागत. कधी कापसात ओल आहे म्हणून परत फिरवत, कधी नुसतंच 'उद्या' म्हणत. डोंगरसिंग राठोड आमचं जुनं गिऱ्हाईक, घाटंजीकडच्या तांड्यावरचा. पन्नाशीचा, हाडकुळा, कायम खाकरणारा. तो आला, नेहमीच्या बाकावर बसला, कानामागची बिडी काढली आणि वाटी शोधायला लागला.

"नागोभाऊ, वाटी कुठं गेली?"

बाबांनी पाटीकडं हात केला. डोंगरसिंगला वाचता येत नव्हतं, पण चित्र कळलं.

"मजाक करतं काय?"

"नाही भाऊ. आजपासून बंद."

"काहून?"

"सरकारचा कायदा हाय."

डोंगरसिंग आवाज न चढवता म्हणाला, पण हॉटेलातले सगळे ऐकत होते. "कोणतं सरकार? तीन दिस झाले मले रांगेत. माह्या गाडीपाशी एक सरकारी माणूस फिरकला नाही. गाडीवर कापूस हाय, तिथं बिडी पेटवता येत नाही. एक ठिणगी पडली तं सारी रांग जाईन. म्हणून इथं येतो, हे दोन झुरके घेतो अन् जातो. सरकारले कापसाकडं पाहाले येळ नाही, अन् माह्या बिडीकडं पाहाले येळ हाय?"

"बरोबर हाय!" मागून दोघा-तिघांनी म्हटलं. रामसिंग नावाचा एक ट्रक ड्रायव्हर हैदराबादकडं निघाला होता. तो म्हणाला, "मालक, माह्या गाडीत मी एकटा. तिथं मी काय करतो ते माह्यं. पण इथं तुमचं घर हाय. तुम्ही म्हणाल तसं." आणि त्यानं पेटवलेली सिगारेट दाराबाहेर नेऊन टाचेखाली विझवली. एवढा एकच.

बाबा डोंगरसिंगसमोर बसले. खोकला दाबत, थांबत थांबत बोलले. "डोंगरभाऊ, कापसाजवळ नाही ओढत ना तुम्ही?"

"कसा ओढू?"

"कापसाले जपता. मंग माणसाजवळ काहून ओढता?"

डोंगरसिंगनं बिडी परत कानामागं ठेवली, चहा पिऊन उठला. जाताना म्हणाला, "तू बिमार हायेस काय रे?" बाबा म्हणाले, "थोडासा."

शेठ दुपारी आले. देवीलाल शेठ कापसाची दलाली करायचे, आणि त्यांची बैठक म्हणजे आमच्या हॉटेलातलं पंख्याखालचं टेबल. शेतकरी त्यांना भेटायला तिथंच येत. अर्धं हॉटेल त्यांच्यामुळं भरायचं हे शेठनाही माहीत होतं आणि आम्हालाही. त्यांनी पाटी वाचली. सावकाश, वरपासून खालपर्यंत. मग पाटीच्या बरोबर खाली खुर्ची ओढली, बसले आणि सिगारेट पेटवली.

कपबशीचा आवाज थांबला. बाबा आतून निघाले. त्यांच्या हातात रिकामी बशी होती. टेबलापर्यंतच्या वाटेवर दोनदा थांबले. मला वाटलं, परत फिरतील. मी त्यांच्या जागी असतो तर फिरलो असतो.

"शेठ, यात विझवा."

देवीलालनं धूर सोडला. वर नाही, समोर. "नागोराव, पोलीस स्टेशनात साहेब स्वतः ओढते. तू कोण रोखणारा?"

"मी कोणी नाही शेठ. मले बरं नाही. अन् आमची सूनबाई मागं पोहे करते, तिले पाचवा महिना हाय. हात जोडतो."

शेठनी सिगारेट बशीत नाही टाकली. टेबलावर, लाकडावरच चुरगाळली. "हॉटेल तुह्यं हाय," उठत म्हणाले, "पण गिऱ्हाईक कोणाचं हाय, ते आठ दिसात समजन."

आठ दिवस लागले नाहीत. हायवेच्या पलीकडं एक धाबा होता. शेठ तिथं बसायला लागले आणि त्यांच्यामागं सगळे गेले. तिथून दिवसभर निळसर धूर निघताना दिसायचा. आमच्याकडं सकाळचे पोहे दुपारी तुळसाबाई घरी घेऊन जायची. बाबा रिकाम्या हॉलात खुर्चीत बसून राहायचे. हवा स्वच्छ झाली होती, पण त्यांचा खोकला तसाच होता, उलट त्या शांततेत जास्तच मोठा ऐकू यायचा. मी प्रत्येक उबळ मोजायचो. मनात आकडा ठरवायचो, की दहाच्या आत थांबली तर तो रोग नाही. थांबायची नाही.

आणि मी, एवढं पाहून, सिगारेट सोडली नव्हती. घाबरलो की माझे पाय आपोआप लाकडांच्या ढिगाकडं वळत. सहाव्या दिवशी माझी बायको शीला तिथं येऊन उभी राहिली. मी सिगारेट पाठीमागं लपवली. तिनं पाहिली होती.

"शर्टाले वास येते तुमच्या," ती म्हणाली. "लग्नापासून येते. मले वाटे, हॉटेलचा असन."

"शीला, आजपासून..."

"मले शपथ नको." तिनं दोन्ही हात पोटावर धरले होते, जणू मीच तिला काही करणार होतो. "डॉक्टरनं विचारलं तेव्हा तुम्ही काय सांगतलं?"

मी मान खाली घातली.

"मामाजीले सांगा. ते सारं गिऱ्हाईक घालवून बसले, अन् घरातलाच धूर त्यायले माहीत नाही." बाबांना ती मामाजी म्हणायची.

"सांगतो. रिपोर्ट येऊ दे."

"अन् रिपोर्ट वाईट आला तं? मंग सांगाल?"

रिपोर्ट वाईट आला तर मी जन्मभर सांगू शकणार नाही, हे तिला आणि मला दोघांनाही समजलं होतं. ती गेल्यावर मी पाकीट भट्टीत टाकलं. त्यानंतर ओढली नाही, पण त्यात माझं कौतुक काही नाही. मला धुराच्या वासानंच ओकारी यायला लागली होती.

दहाव्या दिवशी बाबांच्या रुमालावर रक्त आलं. आईनं, प्रभावतीनं, रुमाल धुवायला घेतला आणि तशीच खाली बसली. बाबा म्हणाले, "तोंड आलं असन." आईनं तो रुमाल धुतलाही नाही आणि टाकलाही नाही, घडी घालून बुद्धाच्या फोटोमागं ठेवला. काय करावं ते तिला सुचलं नव्हतं.

बाराव्या दिवशी यवतमाळला मी एकटाच गेलो. बाबा म्हणाले, "तूच जा. मले तिथं नाव ऐकायचं नाही, तुह्या तोंडून ऐकीन."

रिपोर्टचं पाकीट हातात मिळालं. आत इंग्रजीत टाईप केलेला कागद होता. बारावीपर्यंतचं माझं इंग्रजी त्याला पुरेना. डॉक्टरांच्या दाराबाहेर सव्वा तास बसलो. माझ्या पुढं एक म्हातारा होता, त्याच्या मुलीनं त्याचा हात धरला होता. तो आत गेला आणि बाहेर आला तेव्हा मुलगी पुढं चालत होती आणि तो मागं. मला वाटलं, आम्हीही असेच बाहेर पडू.

डॉक्टरांनी कागद वाचला. पुन्हा वाचला.

"कॅन्सर नाही," ते म्हणाले. "क्षय आहे. टीबी."

मी हसलो. खरंच, मोठ्यानं हसलो, आणि मग रडायला लागलो. डॉक्टर थांबले.

"हसण्यासारखंही नाही. बरा होतो. सहा महिने औषध, एक दिवसाआड, एकही वेळ चुकवायची नाही. सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. पण माझ्या प्रश्नांची उत्तरं नीट द्या. घरात कोण कोण?"

मी सांगितलं. शीलाचं सांगितलं तेव्हा त्यांनी लिहिणं थांबवलं. "तिची थुंकी तपासून घ्या. या आठवड्यात. हॉटेलात रोज किती लोक येतात?"

"आता येत नाहीत. आधी दोन-अडीचशे."

"वडील खोकत होते त्या काळात?"

"हो."

"थुंकीत पहिल्यांदा सापडलं नाही म्हणजे जंतू नव्हते असं नाही. जे रोज तासन् तास बसत होते आणि ज्यांना खोकला आहे, त्यांना तपासायला सांगा." मग माझ्या पिवळ्या पडलेल्या बोटांकडं पाहून म्हणाले, "तुम्ही ओढता."

तो प्रश्न नव्हताच. "ओढत होतो," मी म्हटलं. "सर, त्याच्यानं झालं का हे?"

"जंतूनं झालं. पण धुरानं फुप्फुस दुबळं होतं आणि जंतूला वाट मिळते. तुमच्या धुरानं की गिऱ्हाइकांच्या, ते मला सांगता येणार नाही. कोणालाच येणार नाही."

परत येताना एसटीत मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मोहदा येईपर्यंत वाटलंही. मग बाजूची बाई खोकली आणि मी दचकून तोंडावर हात धरला.

बाबा हॉलातच होते, आई त्यांच्यापाशी. मी दारातूनच सांगितलं, "तो नाही. टीबी हाय." आईनं भिंतीला डोकं टेकलं. बाबांनी डोळे मिटले, त्यांच्या छातीतून एक मोठा श्वास निघाला. तो पुरता निघायच्या आधीच त्यांनी हातानं तोंड झाकलं.

"टीबी म्हणजे, दुसऱ्याले लागते ना?"

"हो."

ते हॉलाकडं पाहत राहिले. एकेका टेबलाकडं. "म्हणजे मी इथं उभा राहून चार महिने... कपावर... पोह्यावर..." मग अगदी हळू, "शीला."

"तपासायचं हाय."

"मी लोकायले म्हणून राह्यलो होतो, तुमच्या धुरानं मले मारलं. अन् मी?"

त्याच वेळी मी सांगून टाकलं. मागच्या ढिगाचं, दोन वर्षांचं, डॉक्टरांपुढं गप्प बसल्याचं. एका दमात सांगितलं, कारण थांबलो असतो तर पुढचं निघालंच नसतं. बाबांनी माझ्याकडं पाहिलं नाही. टेबलावरून हात फिरवत म्हणाले, "शीलाले माहीत हाय?"

"हो."

"बरं." त्यापुढं त्या विषयावर ते कधीच बोलले नाहीत. माफ केलं असंही म्हणाले नाहीत.

ते उठले, खांद्यावरचा दुपट्टा तोंडाभोवती गुंडाळला. "गाड्यांपाशी जातो. सांगून येतो."

आई दारात आडवी झाली. तिला मी तसं कधी पाहिलं नव्हतं. "नाही जायचं. औषध घ्या, घरात बसा, पण सांगायचं नाही. तुम्ही विसरले काय? पहिलं वर्षभर या गावचा एक माणूस आत बसून चहा नाही प्याला. आपापला गिलास घेऊन येत, बाहेर उभं राहून पेत. तुम्हीच वरून ओतत होते. त्या कपाले लोकायनं तोंड लावावं म्हणून किती वर्षं गेली आपली? आता स्वतःच्या तोंडानं सांगता, माह्या कपात रोग हाय? पुन्हा कोणी शिवन काय आपल्याले?"

आई खोटं बोलत नव्हती. बाबांचा चेहरा राखेसारखा झाला. हीच भीती त्यांना होती, मी पाहिलं; रोगाची, शेठची, रिकाम्या हॉटेलाची भीती तिच्यापुढं काहीच नव्हती. ते खुर्चीवर परत बसले. मला वाटलं, संपलं, आता सांगणार नाहीत. आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं.

दहा-पंधरा मिनिटं गेली असतील. मग शीला मागून आली. दोन टेबलं सोडून उभी राहिली आणि पदर तोंडाला लावून म्हणाली, "मामाजी, मले जर दुसऱ्या कोणाकडून झाला असता, अन् त्यानं सांगतलं नसतं, तं?"

बाबा उठले. या वेळी आई बाजूला झाली.

दुपारचे तीन वाजले होते. रांगेत त्या दिवशीही पन्नासेक गाड्या असतील. बाबा गाड्यांपासून दहा हात लांब, रस्त्याच्या कडेला थांबले. मी त्यांच्यामागं होतो. आवाज दुपट्ट्यातून नीट निघत नव्हता, म्हणून दोनदा सांगावं लागलं. "मले टीबी झाला हाय. जे माह्या हॉटेलात रोज बसत, अन् ज्यायले खोकला हाय, त्यायनं सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या. फुकट हाय. माह्यं चुकलं, मले माहीत नव्हतं."

लोक उतरून जमा झाले, पण जवळ कुणी आलं नाही. एकानं खाली थुंकलं, मग त्याला काय वाटलं कोण जाणे, त्यावर पायानं माती ओढली. एक जण ओरडला, "आमच्या बिड्या बंद करत होता साला!" धाब्याच्या बाजेवर देवीलाल शेठ बसले होते. ते उठून उभे राहिले, रुमाल नाकाला लावला आणि गाडीत बसून निघून गेले. पुढं कित्येक वर्षं त्यांनी आमच्या बाजूचा रस्ता धरला नाही.

मग डोंगरसिंग गर्दीतून पुढं आला. चार हातांवर थांबला.

"नागोभाऊ, मले तं दिवाळीच्या आधीपासून खोकला हाय. मी बिडीचा समजत होतो."

"किती महिने?"

"पोळ्यापासून." त्याचे डोळे भेदरले होते. "रात्री घाम येते. बिडीनं येते काय घाम?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे सरकारी दवाखान्यात होतो. मी, आई, शीला, तुळसाबाई, डोंगरसिंग, आणि रांगेतले सात जण. छोट्या डब्या दिल्या होत्या, त्यात खोकून थुंकायचं. प्रत्येक जण दुसऱ्याकडं पाठ करून खोकत होता. शीलाला खोकलाच येईना. मी प्रार्थना करत होतो की येऊ नये.

तीन दिवसांनी कळलं. शीलाचं काही निघालं नाही. आईचं, माझं, तुळसाबाईचं, रांगेतल्या सातांचंही नाही. डोंगरसिंगचं निघालं, आणि बरंच निघालं. कंपाउंडर म्हणाला, याला बाबांच्याही आधीपासून असू शकतो. म्हणजे बाबांनी त्याला दिला, की त्यानं बाबांना, हे कुणी सांगू शकत नव्हतं. डोंगरसिंगनं ते ऐकलं आणि बाबांकडं पाहिलं. बाबा म्हणाले, "राहू दे. आपण एकाच घरात बसत होतो."

हॉटेल दोन महिने बंद राहिलं. बाबा आणि डोंगरसिंग एक दिवसाआड दवाखान्याच्या व्हरांड्यात भेटायचे आणि सिस्टरसमोर गोळ्या गिळायचे. लघवी लाल व्हायची, पोट ढवळायचं. डोंगरसिंग दोनदा तांड्यावर जाऊन बसला, दोन्ही वेळा मी सायकलवर जाऊन त्याला घेऊन आलो. एकदा त्याच्या बायकोनं मला विचारलं, "हा मरन काय?" मी म्हटलं, गोळ्या सोडल्या तर मरेल. ती दुसऱ्या दिवसापासून स्वतः त्याला घेऊन यायला लागली. बिडी त्यानं सोडली नाही. पण घरात ओढत नाही, लांब शेताच्या धुऱ्यावर, बांधावर जाऊन ओढतो.

जानेवारीच्या शेवटी डॉक्टरांनी तपासून सांगितलं, आता यांच्यापासून कुणाला धोका नाही. त्या दिवशी आम्ही दार उघडलं. सगळे कप आईनं उकळत्या पाण्यातून काढले होते. दुपारपर्यंत कुणी आलं नाही. आई पडद्यामागं उभी होती, बाहेर येत नव्हती. दोन वाजता हैदराबादकडून येणारा एक ट्रक थांबला. रामसिंग उतरला. त्याला काहीच माहीत नव्हतं. बाबांनी आधी ते सांगितलं, सगळं, आणि मग विचारलं, चहा घेता काय. त्यानं मांडलेल्या कपांकडं पाहिलं.

"घेतो," तो म्हणाला.

नंतर हळूहळू लोक आले. पहिल्याइतके कधीच आले नाहीत. जे आले ते बाहेर कडुनिंबाखाली ओढून आत येत. त्यावर आता कोणी वाद घालत नाही. वर्षभरानं पलीकडच्या धाब्यावरही पाटी लागली, पण तिथं ती लागून काही फरक पडला नाही.

मार्चमध्ये शीलाला मुलगी झाली. आम्ही घाबरून दिवस मोजत होतो, पण ती धडधाकट होती, आवाज मोठा. डॉक्टरांनी तिला लस टोचली आणि बाबांना म्हणाले, "घ्या नातीला, तुम्हाला आता काही नाही." बाबांनी घेतली नाही. गोळ्या पुऱ्या होईपर्यंत ते दारातूनच तिला पाहत. मेच्या शेवटी दवाखान्यानं कोर्स पुरा झाल्याचा कागद दिला. तो त्यांनी मला वाचायला लावला, मग शीलाला, मग पुन्हा मला. हात साबणानं धुतले, कोपरापर्यंत. शीलानं मुलगी त्यांच्या हातात दिली.

त्यांनी तिला छातीशी धरलं आणि मान वळवून तोंड पार दुसऱ्या बाजूला, भिंतीकडं केलं. तसेच उभे राहिले, तिच्याकडं न पाहता, श्वास धरून. शीला म्हणाली, "मामाजी, पाहा तं तिच्याकडं." बाबा म्हणाले, "थांब जरासं. पाहतो."

पण त्या दिवशी त्यांनी मान वळवली नाही.